पाण्याच्या उंचीवरून

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. बाबांचं गणित एवढंच होतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि पाणी त्याच्या मागून चालतं, म्हणून हा हिशोब जमतो. जागेप्रमाणे थोडा फरक पडतोच. समुद्राला आलेली भरती खाडीतून आत सरकायला वेळ घेते, आणि आमचं घर मुखापासून बरंच आत आहे. बाबा तो फरक मनातल्या मनात धरायचे आणि अंगणातूनच सांगायचे, "आता पाणी फिरला."

पाढ्यांबरोबरच हेही गणित मला पाठ झालं होतं. पण ते स्वतःसाठी वापरायची वेळ माझ्यावर वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी आली, ती कयाकमुळे, वल्ह्याने चालवायच्या एका छोट्या होडीमुळे. तोवर भरती-ओहोटी ही दुसऱ्यांच्या कामाची गोष्ट होती. जाळी टाकणाऱ्यांच्या, रेती काढणाऱ्यांच्या, माणसं पलीकडे नेणारी तर चालवणाऱ्यांच्या.

माझं माहेर सिंधुदुर्गात, कर्ली नदीच्या खाडीकाठी. ही नदी सह्याद्रीतून उतरते, नेरूरपारवरून पश्चिमेला जाते आणि देवबागजवळ समुद्राला मिळते. शेवटच्या टप्प्यात एका बाजूला देवबागची चिंचोळी पट्टी आणि दुसऱ्या बाजूला कोरजाई, भोगवे. देवबागला तर एका परसात खाडी आणि दुसऱ्या परसात समुद्र. तारकर्लीला येणारे पर्यटक जो संगम बघायला जातात, तो हाच. आमचा गाव त्याच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी अजून खारं असतं पण लाटा नसतात, आणि दोन्ही काठांना कांदळवन, म्हणजे खारफुटीची झाडी, असतं.

लहानपणी आम्ही पलीकडे आत्याकडे तरीतून जायचो. बायका-मुली मधे बसायच्या, पुरुष कडेला. "हलू नको" हे वाक्य काठ सोडल्यापासून काठ लागेपर्यंत चालू असायचं. मधे बसलं की पाणी दिसत नाही. दिसतात माणसांच्या पाठी, कोणाची तरी पिशवी, तरीवाल्याचे बांबूवर सरकणारे हात. इतक्या वर्षांत ही खाडी मी किती वेळा ओलांडली असेन, पण मी तिच्यावर कधी नव्हते. एका काठावरून उचलून दुसऱ्या काठावर ठेवल्या जाणाऱ्या सामानात माझी गणती होती. त्याबद्दल तेव्हा काही वाटलं नाही. सगळ्यांचंच तसं होतं.

सगळ्यांचं म्हणताना मला थांबायला हवं. ओहोटीच्या वेळी खाडीत छातीभर पाण्यात उतरून मुळे, तिसऱ्या असे शिंपले काढणाऱ्या बायका होत्या. पायांनी चिखल चाचपत त्या अख्खी खाडी फिरायच्या. कालवं फोडून बोटं कापलेली असायची. त्या खाडीत होत्या, रोज होत्या. पण ते पोटासाठी होतं, आणि आमच्यासारख्या भातशेतीच्या घरांतल्या मुलींना त्यांच्याबरोबर उतरायची परवानगी नव्हती. खाडीत पोटासाठी उतरावं लागतं किंवा अजिबात उतरता येत नाही, बायकांपुढे हे दोनच पर्याय होते. तिसरा असू शकतो, निव्वळ आवडतं म्हणून पाण्यावर जाता येतं, हे कोणाच्या मनातही आलं नसेल.

मग मुंबई. १९८५ साली मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. पुढच्याच वर्षी मुंबई-दिल्लीच्या टेलिफोनचं महानगर टेलिफोन निगम झालं. ट्रंक कॉलच्या बोर्डावर बसले, नंतर १९७ वर नंबर सांगायला बसले, आणि पुढे संगणकासमोर. कामावर माझं प्रेम होतं. कोणाच्या घरी मूल झालंय, कोणाचं माणूस गेलंय, ते शब्द ज्या तारेतून जायचे ती तार मी जोडलेली असायची. पण ते काम दोन माणसांच्या मधे बसायचं होतं. ३१ जानेवारी २०२० ला निगमातल्या हजारो लोकांबरोबर मीही स्वेच्छानिवृत्ती घेतली. दोनच महिन्यांत टाळेबंदी आली, गावी आई एकटी होती, आणि परवानगी मिळताच मी गावी आले. आईच्या औषधांच्या वेळा, गडी, विहिरीचा पंप, यात दीड वर्ष गेलं.

कयाक समोर आली ती २०२१ च्या डिसेंबरात. भाचा सुट्टीला आला होता. तो मला देवबागला खाडीच्या बाजूला घेऊन गेला. तिथे पर्यटकांसाठी प्लास्टिकच्या रंगीत कयाका ठेवलेल्या होत्या. पोकळ, वरून बंद, बसायला खोलगट जागा, पाय टेकायला खाचा. बैठकीत येणारं पाणी आपोआप खाली जावं म्हणून तळाला आरपार भोकं. समुद्रातल्या होडीला आमच्याकडे बाजूला उलांडी बांधतात, तोल राहावा म्हणून. हिला उलांडी नव्हती. तोल बसणाऱ्यानेच राखायचा.

मी बसले, भाच्याच्या ओळखीच्या मुलाने लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले, हातात दोन पात्यांचं वल्हं दिलं आणि गुडघाभर पाण्यातून मला ढकलून दिलं.

पहिली गोष्ट जाणवली ती उंचीची. माझे डोळे पाण्यापासून जेमतेम अडीच फुटांवर होते. काठावरून किंवा पुलावरून खाडी सपाट दिसते. तिथून ती सपाट नव्हती. वाऱ्याने उठवलेल्या बारीक सुरकुत्या एका दिशेला जात होत्या आणि त्यांच्या खालून भरतीचा प्रवाह दुसऱ्याच दिशेला. जिथे दोन्ही भेटत होते तिथे पाणी जागच्या जागी थरथरत होतं. एका ठिकाणी एक गुळगुळीत पट्टा होता, जणू कोणी तिथली सुरकुती इस्त्रीने काढली होती. नंतर कळलं, त्याच्याखाली वाळूची पाठ होती. हे सगळं माझ्या जन्माच्या आधीपासून इथे चाललेलं होतं. मला ते दिसावं यासाठी फक्त खाली यायला हवं होतं, आणि मधून कडेला.

दुसरी गोष्ट हातांची. मी डावीकडे वल्हं मारलं आणि कयाक उजवीकडे वळली. उजवीकडे मारलं, डावीकडे वळली. मी जे करत होते त्याचं उत्तर पाणी लगेच देत होतं. मधे कोणी नव्हतं. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज एकमेकांना जोडले, तिला असं थेट उत्तर मिळणं किती मोठं होतं, ते मला त्या दिवशी शब्दांत सांगता आलं नसतं. मी नुसती हसत होते. भाच्याने काढलेल्या फोटोत माझा चेहरा मला ओळखू आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी एसटीने देवबागला गेले.

तो मुलगा उत्तम शिक्षक निघाला. माझ्या मुलाच्या वयाचा, मासेमाराच्या घरातला, जलक्रीडेचं प्रशिक्षण घेतलेला. पर्यटकांना तो पाच मिनिटांत पाण्यावर सोडायचा. मला शिकायचंय म्हटल्यावर त्याने माझ्याबरोबर वेगळी वाट धरली. पहिला आठवडाभर तो मला पुढे जाऊच देत नव्हता. नुसतं बसायला लावायचा आणि कंबरेतून डावी-उजवीकडे झुकायला सांगायचा. "काकी, वरचं अंग सरळ. खालून होडी हलू दे. कंबर सैल सोडा." कयाक पहिल्यांदा थोडी कलते तेव्हा माणूस घाबरून आखडतो, आणि आखडलेला माणूस पडतो. कंबर सैल असली की होडी कलली तरी डोकं मधेच राहतं. पुष्कळशा कयाकांचा आकार असा असतो की त्या थोड्या कलल्यावर उलट जास्त आधार देतात. पण तो आधार तिथे आहे हे अंगाला पटायला वेळ लागतो. डोक्याला सांगून भागत नाही.

वल्हवण्याबद्दल माझी समजूत होती की हे दंडांचं काम आहे. ते दंडांचं काम नाही. पातं पायाच्या बोटांच्या रेषेत पाण्यात पूर्ण बुडवायचं, मग पोटापासून पाठीपर्यंतचं अंग वळवायचं, आणि पातं कंबरेपाशी आलं की बाहेर काढायचं. कंबरेच्या मागे ओढत राहिलं तर ताकद वाया जाते आणि होडी नुसती वळते. मूठ सैल. वरचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. हे शेवटचं माझ्यासाठी फार महत्त्वाचं होतं, कारण पन्नाशीत माझा उजवा खांदा आखडला होता आणि वर्षभर मला केसही नीट विंचरता येत नव्हते. उंच हात करून जोरात वल्हवणाऱ्याचा खांदा दुखावतो. खालून, अंग वळवून वल्हवणाऱ्याचा दुखावतोच असं नाही. मी फिजिओथेरपिस्टला विचारून, हळूहळू वाढवत गेले. गुडघ्यांचं म्हणाल तर त्यांच्यावर इथे शरीराचं ओझंच येत नाही. चढ चढताना कुरकुरणारे माझे गुडघे कयाकमध्ये गप्प असतात.

त्या मुलाचं एक वाक्य मी कधी विसरणार नाही. मी पाणी मागे लोटायची धडपड करत होते. तो शेजारच्या कयाकमधून म्हणाला, "पाणी ओढू नका. पातं पाण्यात रोवा, ते तिथेच राहू दे, आणि तुम्ही त्याच्यापर्यंत जा." मी तसं केलं, आणि कयाक खरोखर सरकली, आवाज न करता. पाण्याशी झटापट करायची नसते, त्याचा आधार घ्यायचा असतो, हे त्या क्षणी माझ्या पाठीच्या मणक्यांना कळलं.

मग उलटायचं शिकले. हा भाग मी टाळू शकले असते, पण त्याने स्पष्ट सांगितलं होतं की उलटून परत चढता आल्याशिवाय एकटं जाऊ देणार नाही. मला पोहता यायचं ते वहाळातलं, चार हात मारण्यापुरतं. आणि खाडीची भीती होती. ती भीती फुकाची नव्हती. आमच्या वाडीने या खाडीत तरणी मुलं गमावली आहेत. त्यांच्या आयांना मी ओळखते. म्हणून मी आधी दोन महिने कुडाळजवळ एका तलावात पोहणं पक्कं केलं, आणि मग उथळ, शांत पाण्यात त्याने मला उलटवलं. लाइफ जॅकेटमुळे आपण लगेच वर येतो. वल्हं सोडायचं नाही, होडी सोडायची नाही. पालथी होडी पलीकडची कड धरून सुलटी करायची. मग दोन्ही हात बैठकीवर टेकून पाय मागे पाण्याच्या पातळीला येईपर्यंत मारत राहायचे, अंग आडवं झालं की छाती होडीवर सरकवायची, पोट, मग कुशीवर वळायचं आणि बसायचं. सुरुवातीला मी पलीकडच्या बाजूने परत पाण्यात जायचे. पण ज्या दिवशी चढून बसले, त्या दिवशी खाडीची भीती गेली असं नाही म्हणणार. ती आपल्या मापाची झाली. जितकी असायला हवी तितकी उरली.

घरी आई नाराज होती. तिचं वय ब्याऐंशी. "खाडी काय खेळाची जागा गो?" एवढंच म्हणाली आणि दोन दिवस बोलली नाही. मुलाने पुण्याहून फोन करून विचारलं की आई, याचा तुला नक्की उपयोग काय. व्यायामासाठी असेल तर घरी सायकल आणून देतो. प्रेमाने म्हणाला तो. मीही त्याला प्रेमाने सांगितलं की व्यायामासाठी नाही. मग कशासाठी, हे मात्र फोनवर सांगता आलं नाही.

मला वाटतं आमच्या पिढीच्या बायकांना प्रत्येक गोष्टीला उपयोगाचा दाखला जोडायची सवय लागलेली आहे. चालायला जायचं तर साखरेसाठी. भजनाला जायचं तर मनःशांतीसाठी. सहलीला जायचं तर देवदर्शन जोडून. आवडतं म्हणून, एवढ्या कारणावर घराबाहेर पडलेली बाई मी माझ्या लहानपणी पाहिली नाही, आणि तरुणपणी स्वतःही तशी झाले नाही. खाडीवर मी जाते कारण मला खाडीवर असायला आवडतं. या वाक्याला पुढे काही जोडायचं नाही, हे ठरवायला मला वल्हवणं शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

कयाकबद्दल वाचायला लागले तेव्हा कळलं की ही होडी मुळात गमतीसाठी नव्हतीच. आर्क्टिकच्या काठी राहणाऱ्या इन्युइट लोकांनी ती शिकारीसाठी घडवली. झाडं नसलेल्या त्या मुलखात समुद्रावर वाहून आलेल्या लाकडांचा सांगाडा, आणि त्यावर सीलचं कातडं ताणून शिवलेलं. माप शिकाऱ्याच्या अंगावरून घ्यायचे. लांबी त्याच्या पसरलेल्या दोन हातांच्या साधारण तिप्पट, रुंदी त्याच्या कंबरेवर दोन मुठी. दुसऱ्याची कयाक आपल्याला बसत नाही. आणि ते कातडं शिवायच्या बायका. टाका कातड्याच्या अर्ध्याच जाडीतून न्यायचा, आरपार भोक पाडायचं नाही, म्हणजे पाणी आत येत नाही. शिकारी जिवंत परत येणं त्या टाक्यांवर अवलंबून असायचं. हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. त्या बर्फाळ पाण्यावरही बायकांची बोटं होतीच, होडीच्या प्रत्येक शिवणीत. वल्हं मात्र बहुतेक पुरुषांच्या हातात. बायका वल्हवायच्या ती उमियाक, मोठी, उघडी, घरदार लादून न्यायची होडी.

आणखी एक माणूस मला भेटला, वाचनातच. अलेक्झांडर डोबा, पोलंडचा. १९४६ चा जन्म. रासायनिक कारखान्यात इंजिनिअर. कयाक त्याने पहिल्यांदा चालवली ती वयाच्या चौतिसाव्या वर्षी, म्हणजे खेळाडू निवृत्तीच्या गोष्टी करतात तेव्हा. २०१० मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, तो आफ्रिकेतल्या सेनेगलहून निघाला आणि ९९ दिवसांनी ब्राझीलला पोचला, अटलांटिक महासागर कयाकने ओलांडून. नंतर आणखी दोनदा ओलांडला. तिसऱ्यांदा २०१७ मध्ये फ्रान्सच्या काठाला लागला तेव्हा एकाहत्तराव्या वाढदिवसाला थोडे दिवस बाकी होते. २०२१ च्या फेब्रुवारीत किलीमांजारोच्या शिखरावर त्याचं निधन झालं. मी अटलांटिक ओलांडणार नाही, ओलांडावासाही वाटत नाही. पण पांढऱ्या लांब दाढीचा तो माणूस सात मीटरच्या कयाकमध्ये बसून महिनोन्‌महिने पाण्याकडे बघत होता, हे माहीत असणं मला सोबतीचं वाटतं.

त्याच्याही आधीचा एक जर्मन तरुण, ओस्कार स्पेक. बेकारीच्या काळात, १९३२ मध्ये, जर्मनीतल्या उल्महून घडीच्या कयाकमध्ये बसून डॅन्यूब नदीने निघाला आणि १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. तोवर महायुद्ध सुरू झालं होतं, म्हणून काठाला लागताच त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटक झाली. मधल्या वर्षांत तो इराणच्या आखातातून भारताच्या पश्चिम किनाऱ्याने खाली सिलोनला गेला होता. म्हणजे कर्लीच्या मुखासमोरून गेलाच असणार. भोगव्याच्या डोंगरावरून गुरं राखणाऱ्या एखाद्या पोराने तो लाकडाचा आणि कापडाचा ठिपका पाहिला असेल का, हा विचार मला मुखाकडे बघताना दर वेळी येतो.

त्या मुखाकडे मी फक्त बघते. तिथे जात नाही. ओहोटीचं पाणी बाहेर पडताना समुद्राच्या लाटांना भिडतं तेव्हा वाळूच्या दांड्यावर पाणी उभं राहतं. तिथे मोठ्या होड्यांचे तांडेलही जपून जातात. माझी वाट उलटी, वरच्या अंगाला. आणि इथे बाबांचं गणित कामाला येतं. भरती पूर्ण व्हायच्या दोन-अडीच तास आधी निघायचं. पाणी आपल्याबरोबर आत येत असतं. भरल्यावर थोडा वेळ ते थांबतं, तेव्हा कांदळवनात शिरायचं, आणि ओहोटी लागली की तिच्याबरोबर घरी. भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. मधल्या दोन तासांत निम्मी खाडी भरते, म्हणून जोर तेव्हाच. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाच्या दिवसांत हा जोर जास्त, अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत कमी. शिकणाऱ्याने भांगाचे दिवस धरावेत. आणि सकाळ धरावी. पहाटे मतलई वारा जमिनीवरून हलकेच वाहतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि रिकामी कयाक पानासारखी फिरवतो. मी ऊन तापायच्या आत घरी असते.

कांदळवनात भरल्या पाण्याने शिरणं, हे मला या सगळ्यात सर्वांत प्रिय आहे. ओहोटीला जिथे गुडघाभर चिखल, मोडक्या सुळ्यांसारखी वर आलेली तिवराची श्वसनमुळं आणि उड्या मारणाऱ्या निवट्या, चिखलातले मासे, असतात, तिथे भरतीला हिरव्या छताखालून अरुंद वाटा उघडतात. वल्हं आडवं मावत नाही, मग ते मधोमध ठेवून फांदी धरून पुढे सरकायचं. तिवराच्या पानावर मीठ असतं. शोषलेल्या खाऱ्या पाण्यातलं मीठ ते पानातून बाहेर टाकतं. पान जिभेला लावून बघा. कांदळाची रीत वेगळी, तो मुळाशीच बरंचसं मीठ अडवतो. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, हातभर लांब हिरवं होऊन लोंबत राहतं, आणि पडलं की चिखलात उभं रोवलं जातं किंवा तरंगत दुसरा काठ शोधतं. माझ्या पुढ्यातून ती बियाणी प्रवासाला निघालेली मी बघते.

आणि चिपी. तिची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांच्या मधावर येतात, आणि सकाळपर्यंत पांढरे केसर गळून पडतात. लवकर गेलं तर कयाकच्या दोन्ही बाजूंना पाण्यावर हे केसर तरंगत असतात. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिपीला राज्याचं कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं. ही बातमी मी तेव्हा वाचली होती, आणि हे झाड आपण कधी पाहिलंय का असा विचार करत पान उलटलं होतं. ते आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं, फक्त पाण्याच्या बाजूने.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका स्वतः होड्या वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. मी मुद्दाम जाऊन त्यांच्या होडीत बसले. झाडांची नावं, खेकड्यांची बिळं, पक्ष्यांच्या जागा, सगळं त्या सांगत होत्या आणि हात वल्ह्यावर चालूच. तरीच्या मधोमध "हलू नको" ऐकत बसलेली मुलगी पन्नास वर्षांनी बायकांनी चालवलेल्या होडीत कडेला बसली होती. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसले नाहीत.

पहिला मोसम संपताना मी एक वापरलेली कयाक विकत घेतली. पावसाळ्यात खाडी लाल होते, वरून ओंडके येतात, तेव्हा ती पडवीत असते, जिथे बाबांचं औत असायचं. आई तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करायची. मग एका सकाळी मी परत आल्यावर तिने विचारलं, "पाणी खंय पावला होता? बोरीच्या मुळापर्यंत?" मी हो म्हटलं. "म्हणजे उधाण मोठा होता," ती म्हणाली, आणि सांगत सुटली. कोणत्या साली पाणी खळ्यात आलं होतं, कुठल्या वळणावर पूर्वी बेट होतं, तिच्या सासूच्या वेळी मिठाची आगरं कुठे होती. ब्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात ती खाडीत एकदाही उतरलेली नाही, आणि तिला सगळं माहीत होतं. आता रोज विचारते. मी पाण्यावरून बघून येते आणि तिला जागा सांगते, ती त्या जागेचं जुनं नाव सांगते. वहीत मी ती नावं लिहून ठेवते आहे.

गेल्या मोसमात आमच्या वाडीतली काकी काठावर उभी राहिली. साठी उलटलेली, तिसऱ्या काढणाऱ्यांतली. बरेच दिवस ती मला लांबून बघत होती. "मी बसान काय?" म्हणाली. मी लाइफ जॅकेट घालायला लावलं, पट्टे आवळले, वल्हं कसं धरायचं ते दाखवलं. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि बसली. मला वाटलं होतं आधी तोल शिकवावा लागेल. तिची कंबर आयुष्यभर वाहत्या पाण्यात उभी राहिलेली. तिला तोल शिकवायचा प्रश्नच नव्हता. ती निघाली ती थेट समोर नाही, काठाच्या कडेकडेने, जिथे प्रवाह मंद होता. मी नेहमी ज्या जागेवरून पलीकडे वळते तिथे ती वळली नाही, तशीच पुढे गेली आणि बरंच वर जाऊन वळली.

परत आल्यावर मी विचारलं, तिथूनच का वळली नाहीस. "थंय वाळू भरली हा. माझ्या पायांक ठाऊक." मग वल्हं हातात तोलून बघत म्हणाली, "दोगांची गावता काय गो ही?"

दोघांची मिळते. चौकशी करून ठेवली आहे, पावसाळ्याआधी कोणीतरी वापरलेली विकणार आहे असं कळलं. दोघांच्या कयाकमध्ये पुढचा माणूस लय धरतो आणि मागचा दिशा. मी तिला समजावलं की वाट तुला जास्त माहीत, तेव्हा तू मागे बस. तिला ते मान्य नाही. पाणी आधी पुढच्याला दिसतं, तेव्हा पुढे तीच बसणार, आणि वळायचं कुठे ते मला ओरडून सांगणार, असं तिचं म्हणणं आहे. आईने तिची बाजू घेतली आहे.